मुंबईचा इंप्रूव्हमेंट ट्रस्ट : शहर घडविण्याचा एक जुना प्रयोग

गेल्या दहा वर्षांत 'स्मार्ट सिटी' हे दोन शब्द आपल्या कानांवर इतके पडले आहेत कीं, त्यांचा अर्थ विचारण्याचें भानहि आपणांस राहिलेलें नाहीं. २०१५ सालच्या जून महिन्याच्या २५ तारखेस केंद्र सरकारनें शंभर शहरांसाठीं ही योजना जाहीर केली. शहरांनीं पाण्याचे, वाहतुकीचे व सुरक्षिततेचे प्रश्न नव्या यंत्रांच्या साहाय्यानें सोडवावे, त्यासाठीं महापालिकेहून निराळी अशी एक कंपनी स्थापावी, आणि सरकार, महापालिका व खाजगी भांडवल यांनीं मिळून काम करावें, असें तिचें स्वरूप होतें. २०२५ च्या मार्चअखेर ती संपली. तिचा जमाखर्च मांडणें हें माझें काम नव्हे. तें हिशेबनीस करतीलच. मला आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे तें इतकेंच कीं, शास्त्र, कायदा आणि भागीदारी या तीन चाकांवर शहर-सुधारणेचा गाडा आपल्याकडे पूर्वीं एकदां चालविला गेला आहे. तो मुंबईंत चालला, सुमारें पस्तीस वर्षें चालला, आणि त्याची चाकोरी, आपण मोहमद अली रस्त्यानें किंवा दादरच्या हिंदु कॉलनींतून चालत असतों तेव्हां, आपल्या पायांखालीं असते.

या प्रयोगाची कथा प्लेगापासून सांगण्याचा प्रघात आहे. मला वाटतें, ती पाण्यापासून सांगितली पाहिजे. १८५४ सालीं पाऊस अपुरा पडला आणि मुंबईच्या विहिरी व तळीं आटलीं. त्या धसक्यानें विहारचा तलाव बांधावयास घेण्यांत आला. हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणें १८५६ मध्यें सुरू झालेलें तें काम १८६० मध्यें पुरें झालें आणि विहिरींवर जगणाऱ्या शहरांत नळ आला. पुढें १८७९ मध्यें तुळशीचें व १८९२ मध्यें तानसाचें पाणी आलें. पाणी आणण्याचें काम दिसावयास भव्य असतें. त्याच्या उद्घाटनास गव्हर्नर येतात. पाणी घालविण्याचें काम जमिनीखालीं चालतें आणि त्याला कोणी फुलांच्या माळा घालीत नाहीं. मुंबईचें तसेंच झालें. जितकें पाणी शहरांत आलें तितकें बाहेर नेण्यास पुरेशीं गटारें बांधलीं गेलीं नाहींत, आणि दलदल व खाड्या भरून केलेली ती जमीन खालून भिजत राहिली.

त्या जमिनीवर माणसांची दाटी वाढत होती. १८७२ च्या खानेसुमारींत मुंबईची लोकसंख्या ६,४४,४०५ भरली. १८९१ मध्यें ती ८,२१,७६४ झाली. गिरण्यांनीं कोंकणांतून व देशावरून माणसें ओढून आणलीं, पण त्यांनीं राहावें कोठें याचा विचार गिरणीवाल्यांनीं केला नाहीं, सरकारनें केला नाहीं, आणि घरमालकांनीं केला तो आपल्या परीनें केला. रस्त्याकडे अरुंद तोंड आणि मागें लांबच लांब पोट, अशीं तीं घरें. पोटांतल्या खोल्यांना खिडकी नाहीं, आणि असली तर ती घरगल्लीवर उघडणारी. ज्यांनीं जुनी मुंबई पाहिली आहे त्यांना घरगल्ली म्हणजे काय तें सांगावयास नको. दोन घरांमधली ती हातभर वाट भंग्याच्या येण्याजाण्यासाठीं ठेवलेली असे, आणि तिच्याच वाटे घरांतल्या माणसांना हवा मिळे.

अशा शहरांत १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांतील रोग्यांना तपासून, मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनीं सांगितलें कीं, हा गांठीचा प्लेग आहे. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा मोहल्ला. तेथें उंदीर आधीं मेले, मग माणसें मरूं लागलीं. पुढच्या कांहीं महिन्यांत लाखों लोक शहर सोडून गेले. परदेशांतील बंदरांनीं मुंबईच्या मालावर व उतारूंवर निर्बंध घातले. १८९७ च्या फेब्रुवारींत साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरांची झडती, रोग्यांना बळानें इस्पितळांत नेणें, सामानाची जाळपोळ, हें सर्व त्या कायद्याच्या आधारें झालें. पुण्यांत त्याचा परिणाम काय झाला तें सर्वश्रुत आहे. मुंबईंतहि १८९८ च्या मार्चमध्यें दंगा उसळला. १९०१ च्या खानेसुमारींत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ इतकीच निघाली. दहा वर्षांत शहर वाढण्याऐवजीं आटलें होतें.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवली पाहिजे. गरिबांच्या खोल्यांत अंधार आहे, ही गोष्ट १८९६ पूर्वींहि सर्वांना ठाऊक होती. आरोग्याधिकारी आपल्या वार्षिक अहवालांतून ती दरसाल लिहीत होते. तिला तातडीचें रूप आलें तें कापसाचा व्यापार थांबण्याची पाळी आली तेव्हां.

१८९८ सालीं 'सिटी ऑफ बाँबे इंप्रूव्हमेंट' कायदा झाला आणि त्याच्या आधारें इंप्रूव्हमेंट ट्रस्ट, म्हणजे शहर-सुधारणा मंडळ, स्थापन झालें. गर्दीचे व रोगट मोहल्ले विकत घेऊन पाडणें, नवे रुंद रस्ते काढणें, समुद्र हटवून जमीन मिळविणें, शहराच्या उत्तरेस नव्या वसाहती आंखणें, आणि उठविलेल्या गरिबांसाठीं चाळी बांधणें, इतकीं कामें त्याजकडे सोंपविलीं गेलीं. मंडळाची घडण पाहण्यासारखी आहे. अध्यक्ष सरकारनें नेमलेला. लष्कराचा अधिकारी, कलेक्टर आणि म्युनिसिपल कमिशनर हे हुद्द्यामुळें आलेले. महापालिकेनें निवडलेले चार. व्यापाऱ्यांचें चेंबर, पोर्ट ट्रस्ट आणि गिरणीमालकांचा संघ यांचा प्रत्येकीं एक. बाकीचे सरकारनियुक्त. आजच्या भाषेंत हिला 'सार्वजनिक व खाजगी भागीदारी' म्हणतील. ज्यांचीं घरें पाडावयाचीं होतीं त्यांचा प्रतिनिधि या यादींत कोठें बसतो, हें मात्र यादी कितीहि वेळां वाचली तरी सांपडत नाहीं.

पैशाची योजना मोठी कल्पक होती. सरकारनें व महापालिकेनें आपल्या मोकळ्या जमिनी ट्रस्टच्या स्वाधीन केल्या. ट्रस्टनें रोखे काढून कर्ज उभारावें. महापालिकेनें आपल्या उत्पन्नांतून दरसाल वांटा द्यावा. आणि सुधारलेली जमीन विकून न टाकतां लांब मुदतीच्या पट्ट्यानें द्यावी, म्हणजे जमिनीचें मोल वाढेल त्याचा लाभ शहरालाच मिळत राहील. रस्ता निघाला कीं बाजूच्या जमिनीची किंमत चढते, आणि ती चढलेली किंमत रस्त्याच्या खर्चासाठीं वळविली पाहिजे, हें तत्त्व आज परिषदांतून मोठ्या नवलाईनें सांगितलें जातें. ट्रस्टच्या चालकांना तें त्या वेळीं पाठ होतें.

महापालिकेला हें मंडळ रुचलें नाहीं, आणि तें स्वाभाविकहि होतें. १८८८ च्या कायद्यानें मुंबईच्या महापालिकेंत ७२ सभासद बसूं लागले होते व त्यांपैकीं ३६ करदात्यांनीं निवडलेले असत. फिरोजशहा मेहता, काशिनाथपंत तेलंग यांच्या पिढीनें झगडून मिळविलेला तो हक्क होता. आतां शहरांतलें सर्वांत मोठें काम त्या सभागृहाबाहेरच्या एका मंडळाकडे गेलें. महापालिकेनें वर्गणी मात्र द्यावयाची. सरकारचें म्हणणें असें कीं, निवडलेल्या सभासदांत घरमालकांचें वजन फार; ते आपलींच घरें पाडावयास कशी मान्यता देतील? हा आक्षेप सर्वस्वीं खोटा नव्हता. पण ज्या सभेचा मतदार मुख्यतः मालमत्ताधारकच ठेवला आहे, त्या सभेंत भाडेकऱ्याचा कैवारी नाहीं म्हणून तिलाच बाजूला सारणें, ही युक्ति थोडी अजब खरी. मतदार वाढविण्याचा मार्गहि मोकळा होता; तो कोणी सुचविला नाहीं.

आतां शास्त्राकडे वळूं. त्या काळच्या वैद्यकाची समजूत अशी होती कीं, प्लेग हा दमट जमीन, कोंडलेली हवा व अंधार यांतून फैलावतो. म्हणून ट्रस्टचे पहिले मोठे रस्ते पश्चिमेच्या समुद्राकडून पूर्वेकडे शहराच्या पोटांत घुसविण्यांत आले. समुद्रावरचा वारा त्यांतून आंत यावा हा हेतु. प्रिन्सेस स्ट्रीट, जिला आज शामळदास गांधी मार्ग म्हणतात, ही त्यांतलीच. आणि चौपाटीच्या बाजूनें डोंगरीकडे जाणारा सँडहर्स्ट रोड, आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हाहि त्यांतलाच. गंमत अशी कीं, ज्या १८९८ सालीं हा कायदा झाला त्याच सालीं, त्या वेळच्या मुंबई इलाख्यांतच असलेल्या कराची शहरीं, पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरानें उंदरावरील पिसवांमार्फत प्लेग माणसांत येतो असें प्रयोगानें दाखविलें. त्याजवर कोणी लवकर विश्वास ठेवला नाहीं. पुढें १९०५ मध्यें नेमलेल्या संशोधक मंडळानें परळच्या प्रयोगशाळेंत तीच गोष्ट निर्विवाद सिद्ध केली. म्हणजे वाऱ्यासाठीं काढलेले रस्ते प्लेगाच्या शत्रूवर सोडलेले बाण नव्हतेच. शत्रु वखारींत, धान्याच्या पोत्यांमागें बसला होता. तथापि ते रस्ते व्यर्थ गेले असें कोण म्हणेल? क्षयासारख्या रोगांना अंधार व कोंदट हवा मानवते, आणि वाहतुकीला तर त्या रस्त्यांवांचून आज गत्यंतरच राहिलें नसतें. चुकीच्या कारणासाठीं केलेलीं कामें कधीं कधीं निराळ्याच कारणासाठीं उपयोगीं पडतात.

ट्रस्टच्या अधिकाऱ्यांत जे. पी. ऑर या गृहस्थांचें नांव विशेष घेतलें पाहिजे. १९१० नंतरच्या वर्षांत ते अध्यक्ष होते, आणि उजेडाचा त्यांना जणूं ध्यास लागला होता. १९१२ मध्यें मुंबईच्या घरांतील उजेड व हवा यांवर त्यांनीं एक व्याख्यान दिलें आणि साडेत्रेसष्ट अंशांचा आपला नियम लोकांपुढें मांडला. हा आंकडा ऐकून घाबरून जाऊं नये. हिशेब अगदीं सोपा आहे. खिडकीच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेघ ओढा. ती जमिनीशीं साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करतां कामा नये. याचा अर्थ, समोरची इमारत चाळीस फूट उंच असेल तर मध्यें निदान वीस फूट मोकळी जागा हवी. उंचीच्या निम्मी मोकळीक, कीं खालच्या मजल्यावरच्या माणसालाहि आकाशाचा तुकडा दिसतो. एका कोनांत एवढी माणुसकी सामावलेली मीं तरी दुसऱ्या कोणत्या नियमांत पाहिलेली नाहीं. आज मुंबईच्या कित्येक पुनर्विकसित वसाहतींत दोन मनोऱ्यांमधलें अंतर पाहिलें म्हणजे ऑरसाहेबांची आठवण होते. पण तो विषय निराळा.

या सुधारणेची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं. मोहल्ला पाडावयाचा ठरला कीं जमीनमालकास नुकसान-भरपाई मिळे, आणि ती बहुतांशीं घराच्या भाड्यावरून ठरे. त्यामुळें घर जितकें अधिक खच्चून भरलेलें, तितकें त्याचें मोल अधिक! कित्येक मालक घर ट्रस्टकडे जाण्यापूर्वीं त्यांत मुद्दाम गर्दी वाढवीत, ही ट्रस्टच्या अधिकाऱ्यांची नित्याची तक्रार होती. घाणीबद्दल मालकास दंड व्हावयाचा तो राहिला बाजूला, उलट इनाम मिळालें. भाडेकऱ्याला मात्र कांहीं नाहीं. त्यानें आपलें बोचकें उचलावें आणि शेजारच्या मोहल्ल्यांत जावें. तेथें गर्दी आणखी वाढे, भाडीं चढत, आणि कालांतरानें तो मोहल्लाहि 'रोगट' ठरून पाडण्याच्या यादींत येई. पहिल्या वीस वर्षांत ट्रस्टनें जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहींत. ज्या बांधल्या त्याहि उठविलेल्या माणसालाच मिळाल्या असें नाहीं. त्याचें काम मांडवीस, आणि नवी खोली आग्रीपाड्यास. हमालाला रोज तेवढें अंतर चालून जाणें परवडत नसे.

तरीहि बी. आय. टी. चाळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या त्या इमारतींना मीं नांवें ठेवूं इच्छीत नाहीं. एका कुटुंबास एक खोली, बाहेर लांब सज्जा, नळ व संडास सामायिक. पण खोलींत उजेड होता आणि भिंती पक्क्या होत्या. परळच्या अशाच एका चाळींत, दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांत, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचें कुटुंब १९१२ च्या सुमारापासून १९३४ पर्यंत राहिलें. त्यांच्या आयुष्यांतलें केवढें कार्य त्या दोन खोल्यांत उभें राहिलें! चवदार तळ्याचा संग्राम, गोलमेज परिषद, पुणें करार, हे सर्व प्रसंग त्या बिऱ्हाडाच्या काळांतले. आणि तेथून ते गेले ते दादरच्या हिंदु कॉलनींत, स्वतः बांधविलेल्या राजगृहांत. ती हिंदु कॉलनी देखील ट्रस्टनेंच आंखलेली. ट्रस्टनें गरिबासाठीं काय केलें आणि मध्यम वर्गासाठीं काय केलें, याचीं दोन्ही टोकें एका माणसाच्या चरित्रांत अशीं जोडलेलीं आहेत.

त्या दुसऱ्या टोकाविषयीं अधिक सांगितलें पाहिजे, कारण ट्रस्टचें खरें यश तेथेंच आहे. दादर-माटुंगा ही पांचव्या क्रमांकाची आणि शीव-माटुंगा ही सहाव्या क्रमांकाची योजना. त्या योजना आंखल्या गेल्या तेव्हां तेथें भातशेती, ताडाचीं झाडें व पाणथळ होतें. रस्ते आधीं, गटारें आधीं, झाडें आधीं, आणि मग घरें, हा क्रम मुंबईंत एवढ्या मोठ्या प्रमाणावर तेथें पाळला गेला. ट्रस्टच्याच नोकरींत असलेले इंजिनिअर मंचेरजी जोशी यांनीं आपल्या समाजांतील बेताच्या प्राप्तीच्या कुटुंबांसाठीं १०३ भूखंड राखून घेतले आणि पारशी कॉलनी उभी केली. पांच बागा तिच्या शेजारीं आहेत. माटुंग्यास दक्षिणेकडील मंडळी आलीं, हिंदु कॉलनींत महाराष्ट्रीय व गुजराती. पण वस्ती भरण्यास दोन तपें लागलीं. १९२५ मध्यें लोकलगाड्या विजेवर धांवूं लागल्या, ट्राम उत्तरेस सरकली, तेव्हां कोठें कारकून, शिक्षक, वकील असे लोक 'एवढ्या दूर' राहावयास तयार झाले. आणि स्वयंपाकघर, मोरी व संडास घरांतच असलेलें दोन-तीन खोल्यांचें बिऱ्हाड, ज्याला आपण आज ब्लॉक म्हणतों, तें मध्यम वर्गाच्या अंगवळणीं पडलें तें येथेंच. संडास घरांत, ही कल्पना त्या पिढीच्या वडीलधाऱ्यांना किती विपरीत वाटली असेल याची कल्पना आज करणें कठीण आहे.

ट्रस्टच्या या तोडफोडीला एका परक्या माणसानें फार खोल विरोध केला, आणि तो विरोध प्लेगाच्याच मैदानांत उतरून केला. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ १९१४ मध्यें हिंदुस्थानांत आले व १९१९ मध्यें मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले. एडिंबरोच्या जुन्या, गलिच्छ वस्तींत ते स्वतः बायकोसह राहावयास गेले होते आणि एकेक घर दुरुस्त करीत त्यांनीं ती वस्ती सुधारली होती. त्यांचें मत असें कीं, जुन्या मोहल्ल्यांतून नकाशावर पट्टी ठेवून रस्ता काढणें म्हणजे रोग्याचा पाय दुखतो म्हणून पाय तोडणें. येथें एक पडकें घर काढा, तेथें अंगण मोकळें करा, विहीर उपसा, झाड लावा. कमी पैशांत हवा येईल आणि माणसें जागच्या जागीं राहतील.

होळकरांच्या इंदुरांत त्यांना हें करून दाखविण्याची संधि मिळाली. १९१७ च्या सुमारास तेथें प्लेग होता, आणि नकाशा घेऊन गल्ल्यांतून फिरणारा हा दाढीवाला साहेबच प्लेग आणतो असा लोकांना संशय येऊं लागला. तेव्हां गेडिस यांनीं दरबाराकडून एक दिवसाचें राजेपण मागून घेतलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांनीं दवंडी पिटविली कीं, दिवाळीची मिरवणूक या वर्षीं नेहमींच्या वाटेनें न जातां, ज्या वाटेवरचीं घरें सर्वांत स्वच्छ असतील त्या वाटेनें जाईल; केरकचरा दरबार फुकट उचलून नेईल. मग काय विचारतां! आळीआळींत चढाओढ लागली, हजारों गाड्या कचरा बाहेर पडला, भिंतींना चुना लागला. मिरवणुकींत शुभ्र वस्त्रें घातलेले भंगी सन्मानानें चालले, आणि घाणीचा राक्षस व प्लेगाचा उंदीर यांच्या प्रतिमा शेवटीं जाळण्यांत आल्या. या वेळीं शत्रु बरोबर ओळखला होता. १९१८ मध्यें गेडिस यांचा इंदुराविषयींचा अहवाल दोन खंडांत प्रसिद्ध झाला. तेंच इंदूर २०१७ पासून देशांतील स्वच्छ शहरांच्या यादींत वर्षानुवर्षें पहिलें येत आहे; यांत गेडिस यांचा हात आहे असें मी म्हणणार नाहीं, पण योगायोग मोठा गोड आहे.

मुंबईंत मात्र गेडिस यांचें कोणी ऐकलें नाहीं. १९१५ मध्यें मुंबई इलाख्यानें हिंदुस्थानांतला पहिला नगर-रचनेचा कायदा केला खरा, पण महायुद्धानंतर घरांची टंचाई इतकी वाढली कीं, गव्हर्नर लॉइड यांनीं १९२० मध्यें आणखी एक वेगळें खातें काढलें : डेव्हलपमेंट डिपार्टमेंट. वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथील बी. डी. डी. चाळी त्याच्या. शहरांत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गांठीवर एक रुपया जकात बसवून पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत होता. सुमारें सोळा हजार झाल्या, आणि त्यांतल्या कित्येक आरंभीं ओस पडल्या, कारण कामगाराला त्यांचें भाडें झेपेना. सत्याग्रहाच्या दिवसांत वरळीच्या चाळींचा तुरुंग झाला. त्याच खात्याचें बॅकबेचें समुद्र हटविण्याचें काम तर इतकें फसलें कीं, त्यांतील कारभारावर खुर्शेद नरिमन यांनीं जाहीर हल्ला चढविला, त्यांच्यावर अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि त्यांतून ते निर्दोष सुटले. त्या बी. डी. डी. चाळी आतां पाडून नवे मनोरे बांधले जात आहेत. वरळींतल्या पहिल्या घरांच्या किल्ल्या २०२५ मध्यें रहिवाशांना मिळाल्या. या वेळीं तरी उठविलेला माणूस त्याच जागीं परत आला, ही गोष्ट लहान नव्हे.

ट्रस्टचें कार्य १९३३ मध्यें महापालिकेंत विलीन झालें. पण निराळें मंडळ काढण्याची संवय कांहीं विलीन झाली नाहीं. १९७० मध्यें खाडीपलीकडे नवी मुंबई वसविण्यासाठीं सिडको ही कंपनी स्थापन झाली. ९५ गांवांच्या जमिनीवर ती योजना उभी राहिली. जमिनीचा मोबदला इतका तोकडा होता कीं, १९८४ च्या जानेवारींत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि पांच जण मेले. त्यानंतर विकसित जमिनीपैकीं साडेबारा टक्के मूळ मालकास परत देण्याचें तत्त्व मान्य झालें. ज्याची जमीन जाते त्याला वाढलेल्या किंमतींत वांटा मिळावा, एवढी गोष्ट समजावयास १८९८ पासून सुमारें शंभर वर्षें लागलीं.

आणि मग २०१५ ची योजना. प्रत्येक शहरास केंद्राकडून पांचशें कोटि, तितकेच राज्यानें व महापालिकेनें घालावयाचे. कंपनींत राज्याचा व महापालिकेचा वांटा निम्मानिम्मा. महाराष्ट्रांत पुणें, नागपूर, नाशिक, सोलापूर, ठाणें, कल्याण-डोंबिवली, पिंपरी-चिंचवड आणि छत्रपती संभाजीनगर अशीं आठ शहरें तींत होतीं. नवी मुंबईच्या महासभेनें मात्र २०१५ च्या अखेरीस ती नाकारली, आणि नाकारण्याचें मुख्य कारण तेंच जुनें होतें : निवडून आलेल्या सभेबाहेर कंपनी कशाला? सिडकोच्या शहरांत हा प्रश्न सर्वांआधीं सुचावा, यांत आश्चर्य नाहीं. एक फरक मात्र मला महत्त्वाचा वाटतो. ट्रस्टनें हात घातला तो मांडवी, नागपाडा अशा सर्वांत वाईट मोहल्ल्यांना; त्याचें औषध कडू असेल, पण रोगी तरी त्यानें बरोबर निवडला होता. पुण्याच्या कंपनीनें नमुन्यादाखल निवडलें तें औंध-बाणेर-बालेवाडी. तेथील रुंद पदपथ सुरेख झाले आहेत, यांत शंका नाहीं. शहरोशहरीं उभारलेले ते पडद्यांनीं भरलेले नियंत्रण-कक्ष तर २०२० मध्यें साथ आली तेव्हां खरोखरच उपयोगी पडले. वाहतूक पाहण्यासाठीं लावलेल्या यंत्रांवर इस्पितळांतील रिकाम्या खाटा मोजल्या गेल्या. येथेंहि काम एका कारणासाठीं केलें आणि उपयोग झाला दुसऱ्याच कारणासाठीं.

ट्रस्टच्या जमिनींचे पट्टे कांहीं ९९९ वर्षांचे होते, आणि पुष्कळसे ९९ वर्षांचे. ट्रस्ट जाऊन नव्वदाहून अधिक वर्षें झालीं, पण जमिनींचा मालकी हक्क महापालिकेकडे आहे. ९९ वर्षांच्या पट्ट्यांपैकीं कित्येक आतां संपले आहेत व कित्येक संपत आले आहेत. त्यांचें नूतनीकरण कोणत्या दरानें व्हावें, इमारत नव्यानें बांधली तर वाढलेल्या मजल्यांत शहराचा हिस्सा किती, आणि आंतल्या जुन्या भाडेकऱ्याचें काय, या प्रश्नांचीं उत्तरें महापालिकेच्या दप्तरांतील त्या पिवळ्या पडलेल्या करारांच्या अटींवरून शोधण्याचें काम सध्यां चालू आहे.